पंचावन्न सेंटिमीटर बर्फ

१

अगं, तू नुसतं ऐक. मध्ये काही विचारू नकोस, शेवटी मीच तुला एक विचारणार आहे.

मंगळवार, सकाळचे पावणेनऊ. कोपनहेगनमध्ये ऑक्टोबरात सुटतो तसा आडवा वारा सुटलेला. सिसेल सायकलवरून आली ती थेट तळघरात, शीतगृहात. उणे तीस. अंगात लाल फुगीर सूट, तोंडात ज्येष्ठमधाची खारट गोळी, आणि समोर पेटी नंबर ३४१२. झाकण उघडलं तर आत काहीच नाही.

"गोर्म!" ती ओरडली. "गोर्म, इकडे ये!"

गोर्म म्हणजे शीतगृहाचा राखणदार. दाढीवाला, पन्नाशीचा, त्या थंडीत नुसता स्वेटर घालून फिरतो. तो आला, पेटीत वाकून बघितलं, मग सिसेलकडे.

"तुकडा हलवलास का कुठे?"

"मी कशाला हलवू? उद्या ती नॉर्वेची बाई तोच तपासायला येतेय!"

आता हा तुकडा म्हणजे काय ते ध्यानात घे, एकदाच सांगते. सात वर्षांपूर्वी या लोकांनी ग्रीनलंडच्या पठारावर भोक पाडून अडीच किलोमीटर बर्फ वर काढला. खाली खाली जावं तसा जुना. पंचावन्न-पंचावन्न सेंटिमीटरचे तुकडे केले, प्रत्येकाला नंबर दिला. मग इथे आणून प्रत्येक तुकडा उभा चिरला. एक फाक वितळवून मोजायला, एक परदेशी पाठवायला, तिचंही तिकडे पाणीच होतं, आणि एक राखीव. राखीव फाकेला कोणी हात लावत नाही. उद्या कुणी शंका काढली तर तीच साक्षीदार.

आणि शंका तर येणारच होती. कारण ३४१२ मध्येच सिसेलचा शोध होता.

बर्फात जड ऑक्सिजन किती यावरून त्या वर्षी थंडी किती होती ते कळतं. सिसेलच्या ग्राफमध्ये, तीस हजार वर्षांपूर्वी, कडाक्याच्या थंडीतून एकदम ऊब येते, तीस वर्षांत पुन्हा सगळं गारठतं, आणि मग पुन्हा एकदम ऊब. असा झोका आजवर कुणीच दाखवला नव्हता. वर्तमानपत्रानं त्याला नाव दिलं 'खोटा वसंत'. बॉर्नहोम बेटावर तिचे बाबा हेरिंग मासे धुरावर वाळवतात, त्यांनी ते कात्रण धुरांड्याच्या दारावर चिकटवलं होतं. गुरुवारी भरल्या सभागृहात तो ग्राफ दाखवायचा, त्यावरच तिची डॉक्टरेट. बुधवारी नॉर्वेची बाई, बर्फातली ज्वालामुखीची राख ओळखणारी तज्ज्ञ, राखीव फाक तपासून 'बरोबर आहे' म्हणणार.

आणि फाक गायब.

दारातली वही गोर्मनं चाळली. कोणी कुठली पेटी उघडली ते त्यात लिहायचं असतं. वर्षभरात ३४१२ पुढे एकच नाव होतं. शुक्रवार, दुपारी दोन. सिसेल.

"मी फक्त नंबर बघायला उघडली होती," ती म्हणाली.

गोर्मनं वही मिटली, आणि ती मिटताना त्यानं सिसेलकडे बघायचं टाळलं.

२

दहा वाजेपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. कॅन्टीनमध्ये सिसेल शिरली आणि बोलणी थांबली. फक्त लाउगे खात राहिला. लाउगे तिच्याहून चार वर्षांनी पुढे, आणि 'हवामान असे झोके खात नाही' असं सगळीकडे म्हणत फिरणारा.

"काय गं," तो म्हणाला, राय धान्याच्या काळ्या ब्रेडवर लिव्हरचा लगदा फासत, "पेपरात फोटो आला की बर्फसुद्धा लाजून पळतो वाटतं."

"तूच नेलास ना?"

"मी? मला तो हवाच होता! तुझा वसंत खोटा आहे हे मी त्याच्यावरूनच सिद्ध केलं असतं. तो नसला तर फायदा कुणाचा, सांग बरं?"

सिसेलचे कान तापले. कारण ते खरं होतं. बर्फ नसेल तर तिला कोणी खोटं पाडू शकत नाही. म्हणजे सगळे तेच धरून चालणार.

अकराला एस्किलनं तिला खोलीत बोलावलं. एस्किल म्हणजे प्रमुख. हा बर्फ काढणारा, चाळीस वर्षं तेच करणारा. आवाज कधी चढत नाही.

"वरून पत्र आलंय," तो म्हणाला. "तुकडा मिळत नाही तोवर तुझी पदवी थांबवायची. आणि चौकशी."

"एस्किल, मी काहीही केलेलं नाही!"

"मला माहितीय गं." त्यानं टेबलावरची पेन्सिल सरळ केली. मग पुन्हा वाकडी, पुन्हा सरळ. "गुरुवारचा ग्राफ मीच दाखवीन. तू शांत राहा. हरवतात गोष्टी."

शांत! कालच तर, सोमवारी दुपारी, याच माणसानं तिचा लेख स्वीकारला गेला म्हणून सगळ्यांना व्हिस्की पाजली होती. आणि प्रथेप्रमाणे पेल्यात जुना बर्फ. तो साध्या बर्फासारखा गप्प विरघळत नाही. आत दाबून बसलेली हवा सुटते आणि पेला कडकड वाजतो. सिसेलनं पेला कानाला लावला होता आणि सगळे हसले होते.

ती बाहेर आली, जिन्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. तेवढ्यात वरून आवाज आला.

"पोरी, तशी बसू नकोस, थंडी भरेल. ग्राफ घेऊन वर ये."

बोडिल. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. संगणक यायच्या आधी इथला प्रत्येक आलेख तिनं शाईनं काढलेला. आता रिटायर व्हायला तीन महिने, आणि काम म्हणून फक्त मोठ्या छपाया तपासायच्या. टेबलावर पितळी पट्टी, लांब कात्री, आणि ग्रीनलंडच्या कॅम्पच्या सगळ्या जुन्या नोंदवह्या.

गुरुवारची चार मीटर लांब छपाई तिथेच पसरलेली होती. बोडिलनं चष्मा कपाळावरून खाली ओढला, खोट्या वसंताच्या टेकडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "याचे कोपरे कुठे गेले?"

३

"कसले कोपरे?"

"आपला ग्राफ पायऱ्यांचा असतो. एक नमुना, एक पायरी. खाली खोली, मीटरमध्ये. हा एस्किलचाच नियम. मी एकदा रेघ जरा गोल केली तर त्यानं मला अख्खा पुन्हा काढायला लावला होता. 'बर्फ जे बोलला तेवढंच दाखव,' म्हणे. आणि हे बघ. साबणासारखं गुळगुळीत. खाली खोलीऐवजी वर्षं."

"त्यानंच सांगितलं," सिसेल म्हणाली. "सप्टेंबरात पायऱ्यांचाच घेऊन गेले होते. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, सरासरी काढून वळणदार कर, खाली वर्षं घाल, लोकांना तेच कळतं."

"असं म्हणाला? एस्किल?"

"हो. का?"

बोडिलनं ड्रॉवरमधून दालचिनीच्या गोल पावाची पिशवी काढली. "चल. रिकाम्या हातानं गेलं की माणसं बोलत नाहीत."

आधी गोर्म. तो शीतगृहाबाहेरच्या बाकावर बसला होता, आणि चौकशी म्हटल्यावर भडकलाच.

"माझ्यावर ढकलताय? चार वर्षांपूर्वी मशीन बंद पडलं, अकरा पेट्यांचं पाणी झालं, तेव्हा मी रडलो होतो! बायकोला विचारा!"

"रडलास ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं," बोडिल म्हणाली. "पाव घे. शुक्रवारनंतर आत कोण कोण गेलं?"

"शनिवार-रविवार बंद. सोमवारी सकाळी एस्किल एका फोटोवाल्याला घेऊन आला. तो दोन मिनिटांत बाहेर! कॅमेरा गोठला, मिशा गोठल्या. मी त्याला वर नेऊन कॉफी पाजली."

"आणि एस्किल?"

"येईन म्हणाला मागून."

"आत एकट्यानं थांबायचं नाही ना?" सिसेलनं विचारलं.

"त्यानंच केलेला नियम आहे, त्याला मी काय सांगू?" गोर्मनं पाव तोंडात कोंबला. मग जरा मऊ झाला. "माझा सासरा इथे असता ना, तर मी म्हणालो असतो त्यानंच नेला. मे महिन्यात लेकीचं चर्चमध्ये कन्फर्मेशन झालं, घरी मेजवानी होती, तेव्हा भंगाराचा डबा मी घरी नेला होता. टोकांचे फुटके तुकडे, ज्यांना नंबर नाही ते. म्हातारा पेला कानाला लावून बसला तो भाषण करायचंच विसरला! शेवटचा तुकडासुद्धा त्यानंच संपवला."

"म्हणजे डबा रिकामा?"

"खडखडीत. आता पुढच्या उन्हाळ्यात ग्रीनलंडहून येईल तेव्हा."

बोडिल उठली. पाव अर्धाच खाल्ला होता तो तिथेच राहिला.

मग लाउगे. तो आधी तोऱ्यात होता. "काय विचारायचं ते विचारा, पण मी तिच्यासमोर सांगणार नाही."

"तर मग मी कान झाकते," सिसेल म्हणाली.

"सोमवारी तू कुठे होतास?" बोडिलनं विचारलं.

"वर्गावर, सकाळभर. तीस पोरं साक्षीला. मग दुपारी हिच्या मेजवानीला, नाइलाजानं. सगळे होते. एस्किल लाल बादली घेऊन फिरत होता, स्वतःच्या हातानं बर्फ वाढत. एकदम यजमान! माझ्या पेल्यात तर फटाके फुटावे तसं. खरं सांगू?" त्यानं सिसेलकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यात टोमणा नव्हता. "मी तुला हसतो, पण तू चोर आहेस असं मला वाटत नाही. तू चुकलीयस. ते वेगळं."

"आभारी आहे," सिसेल फणकारली.

जिना चढताना तिनं बोडिलला विचारलं, "काही कळलं का?"

"कोणी नेला ते कळलं," बोडिल म्हणाली. "का नेला ते तुझ्या ग्राफमध्ये आहे. आणि पोरी, ते तुला आवडणार नाही."

४

बुधवारी सकाळी नॉर्वेची बाई आली, रिकामी पेटी बघून खांदे उडवले, आणि गुरुवारपर्यंत थांबते म्हणाली. पेटीपुढे उभं राहून सिसेलनं तिची माफी मागितली तेव्हा ती बाई फार सभ्यपणे हसली. ते हसू सिसेलला दिवसभर टोचत राहिलं.

ती वर आली तेव्हा बोडिलनं दुसरी छपाई काढून ठेवली होती. तोच ग्राफ, पण सरासरी न काढता, सगळ्या पायऱ्यांसकट. आणि खाली वर्षांऐवजी खोली. डावीकडे जुना, खोल बर्फ, उजवीकडे नवा.

"बघ. थंडी, थंडी, थंडी. मग हा कडा, सरळ वर. मग पायऱ्या उतरत उतरत पुन्हा थंडी. मग दुसरा कडा, सरळ वर. गुळगुळीत केल्यावर दोन्ही कड्यांची टेकाडं झाली होती. आता तू मोज. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत."

सिसेलनं पितळी पट्टी उभी लावून खालचे खोलीचे आकडे वाचले. एकदा. मग पुन्हा.

"पंचावन्न सेंटिमीटर," ती म्हणाली.

"पायऱ्या किती?"

"अकरा." पाच-पाच सेंटिमीटरचा नमुना, एका तुकड्यात अकरा. हे तिला झोपेतही आलं असतं. "म्हणजे... तुकडा जिथे सुरू होतो तिथेच वसंत सुरू होतो. आणि जिथे संपतो..."

"तीस हजार वर्षांपूर्वीच्या हवामानाला आपल्या करवतीचं माप कसं गं कळलं?"

सिसेल खाली बसली.

बोडिलनं कात्री उचलली. एका कड्यावर कापलं, दुसऱ्या कड्यावर कापलं. हातात चिठ्ठीएवढा कागद आला. तिनं तो खिडकीच्या काचेला लावून मागच्या बाजूवर तीच रेघ गिरवली, मग पान उलटावं तसा डावी बाजू उजवीकडे करून मधल्या फटीत ठेवला.

थंडीला थंडी जुळली. उबेला ऊब जुळली. मध्ये अकरा पायऱ्या, खालून वर, एका दमात. कुठे कडा नाही, झोका नाही. थंडीतून उबेत एकच चढ, असे चढ या बर्फात आधी वीसेक वेळा सापडलेले. नवं काहीच नाही.

"तुकडा उलटा आहे," सिसेल पुटपुटली. "डोकं खाली, पाय वर. पेटीत भरतानाच उलटा गेला. मग चिरला, सगळ्या फाका उलट्या."

तीन वर्षं. लेख. फोटो. बाबांच्या दारावरचं कात्रण. सगळं एका उलट्या तुकड्यावर.

बोडिलनं तिच्यापुढे कॅम्पची वही सरकवली. त्या दिवसाचं पान. शनिवार. कॅम्पवर शनिवारी सगळे टाय लावून जेवायला बसतात, त्या आधी घाईघाईनं आवरतात. रकान्यात लिहिलं होतं: ३४१२, राखेची बारीक रेघ, वरून अकरा सेंटिमीटर.

"नॉर्वेच्या बाईनं फाक हातात घेतली असती," बोडिल म्हणाली, "तर रेघ तिला खालून अकरावर सापडली असती. एका मिनिटात सगळं बाहेर. म्हणून बुधवारच्या आत फाक जायला हवी होती."

सिसेलचं बोट रकान्यातून पुढे सरकलं. शेवटचा रकाना, पेटी कोणी भरली. दोन अक्षरं, पेन्सिलनं, नीटनेटकी.

ए. के.

"एस्किल," ती म्हणाली.

५

"पण बर्फ कुठे आहे?" सिसेल उभीच होती, तिला बसवत नव्हतं. "लपवायला उणे तापमान लागतं. त्याच्या घरी शोधलं तर—"

"शोधून काय करशील? भंगाराचा डबा मे महिन्यातच संपला. साधा बर्फ वाजत नाही. मग सोमवारी लाउगेच्या पेल्यात फटाके कशाचे फुटत होते?"

सिसेलचा हात आपोआप कानाशी गेला.

"मी प्यायले," ती म्हणाली. "बोडिल, मी तो प्यायले."

"सगळेच प्यायलो. मी दोनदा घेतला."

दुपारी तीनला दोघी एस्किलच्या खोलीत गेल्या. बोडिलनं तो कापलेला कागद त्याच्यासमोर ठेवला, उलटा करून. त्यानं एकदाच बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर वाऱ्यानं सायकलींची अख्खी रांग आडवी केली होती.

"सप्टेंबरात कळलं," तो म्हणाला. "तू पायऱ्या घेऊन आलीस तेव्हा. मी नजरेनंच मोजल्या."

"आणि मला म्हणालास गुळगुळीत कर."

"हो."

"फेकून द्यायचास नुसता," बोडिल म्हणाली. "आम्हाला कशाला पाजलास?"

"मोरीत ओतवेना." तो पहिल्यांदाच वळला. डोळे लाल. "तीस हजार वर्षं राहिलेला बर्फ, बोडिल. मी काढलाय तो. मोरीत नाही ओतवला माझ्यानं. वाटलं, निदान कोणाच्या तरी कानाशी वाजू दे."

सिसेलला हसू यावं की त्याच्या अंगावर धावून जावं तेच कळेना. "आणि मला चोर म्हणाले तेव्हा?"

"तसं होईल असं वाटलं नव्हतं. वाटलं, हरवला म्हणतील, विसरतील." त्यानं पेन्सिल उचलली, खाली ठेवली. "एक तुकडा उलटा म्हटलं की लोक विचारतील, बाकीचे चार हजार? सगळा बर्फ संशयात जाईल. जगभर शंभर-दोनशे ग्राफ त्याच्यावर उभे आहेत. ऐक. उद्या मी उठून सांगतो, फोटोवाल्याला दाखवताना फाक माझ्या हातून पडली, फुटली, लाजेनं मी लपवलं. दोष सगळा माझा. तुझं नाव स्वच्छ, पदवी तुझी. आणि खोटा वसंत तसाच राहील. तो चूक आहे हे कोणी दाखवूच शकणार नाही."

"आपण तिघं सोडून," सिसेल म्हणाली.

"आपण तिघं सोडून."

खोलीत घड्याळ नव्हतं तरी काहीतरी टकटकत होतं. ती सिसेलची टाच होती.

बोडिल उठली. "मी जानेवारीत घरी बसणार. मी कोणाला काही सांगणार नाही. हे तिचं आहे." आणि दाराशी जाऊन वळली. "उद्या ती गुळगुळीत छपाईच लावते. कात्री माझ्या टेबलावर असेल."

सिसेल सायकल घेऊन बंदरापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. वारा दोन्ही बाजूंनी तोंडावरच. शेवटी तिनं बाबांना फोन लावला.

"काय गं, उद्या ना?" बाबा म्हणाले, मागे धुरांड्याचं दार करकरत होतं. "कात्रण पिवळं पडलंय धुरानं. नवीन येईल ना उद्या? जागा करून ठेवलीय."

"येईल काहीतरी," ती म्हणाली.

६

गुरुवार, दहा वाजता, सभागृह गच्च. दुसऱ्या रांगेत लाउगे, हात बांधून. त्याच्या शेजारी नॉर्वेची बाई. मागे भिंतीला टेकून गोर्म, इस्त्रीच्या शर्टात, ओळखू न येण्यासारखा. आणि समोर, भिंतभर, चार मीटरचा ग्राफ. मधोमध दोन गोंडस टेकाडं.

एस्किल उठला. सांगितलं तसंच बोलायला लागला, शांतपणे. "सुरुवातीलाच एक कबुली देतो. ३४१२ ची राखीव फाक माझ्या हातून..."

सभागृहात कुजबुज. गोर्म भिंतीपासून पुढे सरकला. लाउगेनं वळून सिसेलकडे पाहिलं आणि ओठांनीच म्हणाला, 'सॉरी.' बघ, झालंच होतं ना! ती सुटली होती. तिला फक्त बसून राहायचं होतं. दहा मिनिटं नुसतं बसायचं, आणि पदवी, लेख, वसंत, सगळं तिचं.

ती उठली.

स्वेटरच्या बाहीतून बोडिलची लांब कात्री बाहेर आली. एस्किल वाक्याच्या मध्येच थांबला. सिसेल भिंतीपाशी गेली, बोडिलचीच पितळी पट्टी लावली, पेन्सिलनं दोन खुणा केल्या, आणि कापायला लागली. चार मीटरचा जाड कागद, कात्रीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. कोणीतरी "अरे, अरे" म्हणालं. पहिलं टेकाड कापलं. दुसरं कापलं. तुकडा हातात आला तेव्हा भिंतीवर एक पांढरी खिडकी उरली.

"हा गुळगुळीत केलेला आहे, म्हणून कोपरे नीट जुळणार नाहीत," ती म्हणाली. "मीच गुळगुळीत केला. न केलेला वर बोडिलच्या खोलीत आहे, त्यात जुळतात. मी तो जरा आधी मोजायला हवा होता. दोन कड्यांतलं अंतर पंचावन्न सेंटिमीटर आहे."

तिनं तुकडा दिव्यावर धरून मागून रेघ गिरवली, तो उलटवला, चिकटपट्टीनं लावला आणि बाजूला झाली.

मग नॉर्वेची बाई पुढे वाकली, बोटानं हवेत मोजलं, आणि खुर्चीत मागे टेकली. "राखेची रेघ, अकरा सेंटिमीटर," ती म्हणाली. "वहीत वरून. मला काल ती खालून सापडली असती, नाही का?"

लाउगे उठला. सगळ्यांना वाटलं आता हा टोमणा मारणार. तो म्हणाला, "तीन वर्षं मी भांडतोय आणि एकदाही पट्टी लावली नाही."

आणि एस्किल. तो हळूहळू भिंतीपाशी गेला, खिशातून ती पेन्सिल काढली. उलटवलेल्या तुकड्यावर त्यानं एक बाण काढला, वरची बाजू कुठली ते दाखवणारा, कॅम्पवर काढतात तसा. बाणाखाली दोन अक्षरं लिहिली. ए. के. मग पेन्सिल सिसेलच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "फाक पडली नाही. मी ती तुम्हाला पाजली. बसा, सगळं सांगतो."

झालं. एस्किल आता तिथे नाही. सिसेलची पदवी दीड वर्ष लांबली. ती आणि लाउगे सध्या दिवसभर खाली असतात, गोर्मच्या घरात म्हण, लाल सूट घालून, चार हजार पेट्या एकेक उघडून सरळ-उलट बघत. परवापर्यंत सहाशे झाल्या होत्या. आणखी एक उलटी सापडली, तेव्हा दोघं इतके नाचले की गोर्मनं त्यांना बाहेर काढलं. बाबांच्या दारावर नवं कात्रण आलं नाही. तिथे तो चार मीटरमधला चिठ्ठीएवढा तुकडा आहे, बाणासकट.

मी तिला विचारलं, त्या दहा मिनिटांत बसून राहावंसं नाही वाटलं? ती म्हणाली, "वाटलं ना. अजूनही रोज सकाळी वाटतं."

म्हणून तुला विचारते. बर्फ तर सगळ्यांच्या पोटात गेलेला. कोणाला कधीच कळलं नसतं. तुझं नाव स्वच्छ होतंय, समोरचा माणूस दोष स्वतःवर घेतोय, आणि बाहीत कात्री आहे. खरं सांग हं, तू काय केलं असतंस?